खातेदाराने समक्ष हजर राहावे

माझ्या मित्राच्या नावाने गेल्या पावसाळ्यापासून कोणी भलताच माणूस बोलतो आहे. तो लोकांना घरबसल्या श्रीमंत व्हायला सांगतो. माझा मित्र तलासरीत आपल्या घरी खाटेवर उशांना टेकून बसलेला असतो, आणि त्याला आता एकच शब्द उच्चारता येतो. या प्रकाराविरुद्ध मी इतके अर्ज केले आहेत की, शेवटी पोस्टातल्या बाईंनी मी दारात दिसताच पोचपावतीचे गुलाबी कार्ड काढून ठेवायला सुरुवात केली. त्यांतल्या एकाच अर्जावर तातडीने कार्यवाही झाली. तो मी करायला नको होता.

मी डहाणूला राहतो. न्यायालयात साक्षीदारांचे जबाब शब्दशः उतरवून घेण्यात माझी सगळी नोकरी सरली. मित्र पशुसंवर्धन खात्यात होता. पाड्यापाड्यांवर जाऊन गुरांना लस टोचत असे, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, मीही. मी वकील नसताना तो मला वकीलसाहेब म्हणायचा. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी कधी तपासले नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांत मिळून एकच पुस्तक घ्यायचे ठरवले. एकाने वाचायचे, मग दुसऱ्याला द्यायचे. देवघेव कासा येथे, कारण ते त्यालाही अर्ध्या वाटेवर आणि मलाही. बाजाराच्या दिवशी मी डहाणूहून एस.टी.ने जायचो, तो तलासरीहून जीपने चारोटीला उतरून यायचा. नियम मी केला होता: हातातल्या पुस्तकावर अभिप्राय जाहीर केल्याशिवाय ते पुढे द्यायचे नाही. जाहीर करायची जागा म्हणजे समाजमाध्यमावरचा आमच्या भागातल्या वाचकांचा समूह. "नुकतेच वाचले" असे वर लिहून तिथे लोक चार ओळी टाकतात.

मी चार ओळींत मावत नसे. माझ्या अभिप्रायात वस्तुस्थिती, मुद्दे आणि निष्कर्ष असे भाग असत. त्याच्या अभिप्रायाला कधी तीन वाक्यांपेक्षा जास्त लागली नाहीत. एका गाजलेल्या कादंबरीवर त्याने लिहिले होते, "नायक फार बोलतो. बायको गप्प बसून सगळे बघते. पुस्तक तिने लिहायला हवे होते." एका जाडजूड आत्मचरित्रावर, "या गृहस्थांचे आयुष्यात एकदाही चुकले नाही. मला झोप लागली. पहिली ओळ चांगली आहे." लोक त्याच्या ओळी एकमेकांना पाठवायचे. माझ्या अभिप्रायाला नमस्काराचे चिन्ह यायचे. ते पूर्ण न वाचताही देता येते.

"वकीलसाहेब, तू पुस्तक वाचतोस की त्याला शिक्षा सुनावतोस?" कासाच्या चहाच्या टपरीवर त्याने एकदा विचारले.

"मी पुराव्यानिशी लिहितो."

"अरे, पण आरोपीला बोलावलंस का कधी? लेखक बिचारा गेला कधीचा. एकतर्फीच निकाल देतोस."

"आणि तू? तू तर तीन ओळींत फासावर चढवतोस."

"मी सुई टोचतो आणि निघतो. जनावर लाथ मारायच्या आत."

भाताच्या लावणीचे दिवस होते. धरणाखाली गेलेल्या एका गावावरची कादंबरी त्याच्याकडे होती. एका सकाळी आंघोळ करून येताना तो पडला, तो उजवी बाजू आणि वाचा घालवूनच उठला. आधी कासाच्या रुग्णालयात, तिथून सीमेपलीकडे गुजरातेत. तिथे शासकीय योजनेचे कार्ड काढताना खिडकीवरच्या माणसाने वहिनींकडून मित्राच्या फोनवर आलेला आकडा विचारून घेतला, आणि थोड्या वेळाने आणखी एक. दुपारी कोणाचा तरी फोन आला. त्यानेही आकडा मागितला. वहिनींना तो दवाखान्यातलाच वाटला, त्यांनी दिला; तो आकडा मित्राच्या समाजमाध्यमावरच्या खात्याचा होता.

"हिंदी-गुजराती मिळून बोलत होता, भाऊजी, तिथले सगळे बोलतात तसंच. मी म्हटलं, कार्ड अडायला नको."

त्या दिवशी नवरा वाचावा एवढेच ज्या बाईच्या मनात होते, तिला मी काय म्हणणार? मी म्हटले, "तुम्ही योग्यच केलंत."

आठवड्याभरात समूहावर डॉक्टर उगवले. छायाचित्रात तोच चेहरा, खाली मजकूर भलताच: अमुक ठिकाणी रक्कम गुंतवा, दुप्पट घ्या. चिंचणीच्या एका सभासदांनी मला फोन केला. "काय हो, तुमचे डॉक्टर शेअरबाजारात उतरले? आजारी आहेत असं ऐकलं होतं. आजारपण मानवलेलं दिसतंय!" मी त्यांना जे बोललो ते येथे उतरवून ठेवण्याजोगे नाही.

माझे म्हणणे साधे होते. माणसाची वाचा गेली आहे. अशा वेळी त्याच्या नावावर उरते ते त्याने आधी बोललेले. ते तरी त्याचे त्याच्या नावावर राहावे आणि त्यात कोणी थुंकू नये. यासाठी प्रथम मी त्या माध्यमावरचे तक्रारीचे बटण दाबले. क्षणात उत्तर आले: "आम्ही तपासणी केली. नियमांचा भंग आढळला नाही." वर्षानुवर्षे निकाल न देणारे न्यायाधीश मी पाहिले आहेत, पण त्यांनी निदान कागद उघडलेला असे. मग मी कंपनीच्या भारतातल्या पत्त्यावर नोंदणीकृत पत्र पाठवले, कलमांसह. पोचपावती परत आली. तिच्यावर शिक्का होता आणि गांडूळ सरपटत गेल्यासारखी सही. त्यानंतर काही नाही. स्मरणपत्र पाठवले. पुन्हा गांडूळ.

मग पोलीस. टेबलावरचा हवालदार सभ्य होता, हे नमूद केले पाहिजे.

"खातेदार कोण?"

"माझे मित्र."

"त्यांना घेऊन या."

"त्यांना चालता येत नाही. बोलताही येत नाही."

"मग काका, तुम्ही त्यांचे कोण लागता?"

हा प्रश्न कायदेशीरदृष्ट्या बिनचूक आहे. न्यायालयाच्या दारातून मी स्वतः कितीतरी लोकांना हाच प्रश्न विचारून परत पाठवले आहे. कोणत्याही नमुन्यात मित्रासाठी रकाना नसतो. मी कलम सांगू लागलो, आवाज चढवला, आसपासची माणसे बघू लागली.

"चिडू नका ना काका," तो म्हणाला. "बायको असेल ना त्यांना? त्यांच्या सहीनं द्या, मी घेतो. पण खरं सांगू? आम्ही वर पाठवतो. वरचे कंपनीला पाठवतात. पुढचं आपल्या हातात नाही."

वहिनींच्या सहीने तक्रार दिली. बऱ्याच दिवसांनी कंपनीकडून निरोप आला: खातेदाराने समक्ष हजर राहावे, म्हणजे फोनसमोर चेहरा धरून डावीकडे, उजवीकडे, वर असा फिरवावा; यंत्र ओळख पटवील.

मी तलासरीला गेलो. वहिनींनी त्याची दाढी केली, केस विंचरले, खात्यातल्या छायाचित्रात होता तोच निळा सदरा घातला. मी फोन धरला. त्याने मान वळवली, अगदी शहाण्या साक्षीदारासारखी, सांगितले तेवढीच. पण त्याच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली आहे आणि तो डोळा अर्धाच उघडतो. "चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा." आम्ही खिडकीशी उजेडात घेतले. पुन्हा तेच. वहिनींनी बोटाने त्याचा ओठ वर उचलून धरला. मग त्यांचे बोट चित्रात आले. शेवटी त्यांनी माझ्या हातातला फोन ओढला आणि त्या फोनच्याच तोंडावर ओरडल्या, "मेल्या, मला ओळखू येतात हे! तुला का येत नाहीत?"

"बरं," मित्र म्हणाला.

हाच तो त्याला उरलेला शब्द. पाणी हवे असले तरी बरं, नको असले तरी बरं. वहिनी म्हणतात त्यातला सूर ओळखता येतो. मला अजून येत नाही.

त्याच संतापात मी घरी येऊन समूहाच्या व्यवस्थापक बाईंना पत्र लिहिले. मुद्दे क्रमवार. शेवटी विनंती: सदर खात्यावर विनाविलंब कार्यवाही करावी. माझी चहाची कपबशी विसळून होईपर्यंत कार्यवाही झाली. खाते समूहातून काढले गेले, आणि त्याबरोबर त्या खात्याने आजवर तिथे लिहिलेले सगळे. झोप लागलेले आत्मचरित्र, गप्प बसलेली बायको, सगळे. मी फोन केला.

"काका, मी काढताना फोननं विचारलं, यांचा मजकूरही काढायचा का?" बाई रडवेल्या झाल्या होत्या. "मला वाटलं त्या जाहिरातीच. मी हो म्हटलं. आता परत येत नाही हो ते."

त्यांच्यावर रागावायला मला जागा शोधूनही सापडली नाही. मी जे मागितले होते, ते त्यांनी दिले होते.

हे त्याला सांगणे भाग होते. पुढच्या वेळी मी खाटेशी बसून सांगितले, "डॉक्टर, तुझं लिहिलेलं सगळं गेलं." त्याने माझ्याकडे पाहिले. "बरं." वहिनी उठून आत गेल्या.

कादंबरी उशीशेजारीच होती, मध्ये एस.टी.चे तिकीट खोचलेली. गावातली शाळा उतरवून तिची कौले बैलगाडीत भरतात, तिथपर्यंत तो पोचला होता. तिथून पुढे मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दर आठवड्याला जात राहिलो. घसा बसायचा, वहिनी गरम पाणी द्यायच्या. मध्येच त्याचा डावा हात चादरीवर आपटायचा, म्हणजे परत वाच, की पुरे झाले, हे मला ठरवता येत नसे. मी दोन्ही करून पाही.

गेल्या आठवड्यात पुस्तक संपले. पाणी देवळाच्या कळसापर्यंत येते आणि पुस्तक थांबते. नियमाप्रमाणे आता अभिप्राय.

"काय लिहू?" मी विचारले.

त्याने पुस्तकाकडे पाहिले. "बरं."

"माझ्या डाळीलापण हेच म्हणतात," वहिनी दारातून म्हणाल्या. तो हसला. अर्धे तोंड हसते, तेवढेच.

मी दोघांची संमती विचारली. वहिनींनी हो म्हटले, त्याने मान हलवली. तेव्हा माझ्या स्वतःच्या पानावर लिहिले: "नुकतेच वाचले. दोघांनी मिळून. मित्राचे मत: बरं." मुद्दे नाहीत, निष्कर्ष नाही. एवढे आखूड मी आयुष्यात काही लिहिले नव्हते.

त्याच्या नावाचे ते खाते माझ्या पानावरच्या मित्रयादीतून काढून टाका, असे मला सगळे सांगतात. मी काढलेले नाही. त्याला काढा, हे माझ्याच्याने लिहवत नाही. त्यामुळे माझ्या ओळींखाली पहिला अभिप्राय त्याच्याच नावाने आला, निळ्या सदऱ्यातल्या सरळ चेहऱ्याचा: "मी घरबसल्या कमावले. तुम्हीही कमवा."

फोन लपवायच्या आत त्याने तो पाहिला. डाव्या हाताचे बोट त्या चेहऱ्यावर ठेवले आणि दाबून धरले. "बरं," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, "बरं! बरं!"

"काय म्हणतात?" वहिनींनी मला विचारले.

इतकी वर्षे मी लोकांचे जबाब उतरवून घेतले. मला सांगता आले नाही. मी तक्रारीचे बटण दाबले, उत्तर लगेच आले, तेच. तोवर त्याने डाव्या हाताने पुस्तक चादरीवरून माझ्याकडे सरकवले होते. अभिप्राय दिला होता. आता ते मला घ्यावे लागणार होते. मी ते पिशवीत ठेवले आणि परतीची जीप गाठायला निघालो.