तिने भाजून ठेवलेली भाजणी

आमच्या घरात मृत्यूनंतर वर्षभर सणासाठी कढई चढत नाही. देवापुढे दिवा लागतो, नित्यपूजा होते, नैवेद्याला दूध-साखर असते. परंतु तळण, गोडधोड, फराळ यांतले काहीही घरी करावयाचे नसते. ते नातलगांनी आणि शेजाऱ्यांनी आणून द्यायचे. हा नियम कोणत्या ग्रंथात आहे असे कुणी विचारले, तर मला सांगता येणार नाही. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले, धर्मशास्त्राचे वाचनही यथाशक्ती केले. पण हा नियम कुठे लिहिलेला आढळला नाही. तो मी वडिलांच्या वेळी पाळला, आईच्या वेळी पाळला, पत्नीच्या वेळी पाळला. गेल्या वर्षी तो सुनेसाठी पाळावा लागला. वयाच्या क्रमाने पाहिले असता तो तिने माझ्यासाठी पाळावयाचा होता.

गौरींबरोबर आमच्या गणपतीचे विसर्जन झाले आणि दुसऱ्याच दिवशी ती चकलीची भाजणी करायला बसली. धुऊन सावलीत वाळवलेले तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरे असे एकेक ती मंद आचेवर भाजत होती. दिवाळीला पुष्कळ अवकाश होता. मी विचारले, "एवढी घाई कशाची?"

"आता पितृपक्ष लागेल, बाबा. त्या पंधरवड्यात सणाचं दळण नको. पुढे नवरात्राची धावपळ. आत्ताच करून ठेवते."

दळून आणलेली भाजणी निवताच तिने ती स्टीलच्या डब्यात भरली, झाकण घट्ट लावले आणि डबा फडताळात मागे सारला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी माझ्या पूजेसाठी गॅलरीतल्या कुंड्यांमधली फुले काढताना ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. परडीत तगरीची फुले होती. ज्या पंधरवड्यात तिला सणाचे दळण नको होते, त्याच पंधरवड्यात आम्ही तिचे दहावे, बारावे आणि तेरावे केले.

तिला एकच अपत्य, माझी नात. ती पुण्याला कॉलेजात शिकते आणि वसतिगृहात राहते. तेरावा झाल्यावर ती परत गेली, कारण परीक्षा जवळ आली होती, आणि घरात बसून तरी ती काय करणार होती? फोनवर बोलत असे, पण थोडे. एकदा एवढेच म्हणाली, "आजोबा, मैत्रिणींनी दिवाळीचा विषयच काढला नाही. दर वर्षी आधीच सांगायच्या, काकूंच्या चकल्या आण म्हणून."

त्या चकल्यांची कीर्ती वसतिगृहापूर्वी शाळेत झाली होती. आमच्या पनवेलच्या शाळेला मी निवृत्त झाल्यावर संस्कृतसाठी शिक्षक मिळेना, म्हणून काही वर्षे मी मानधनावर शिकवावयास जात असे, आणि त्या काळात नात माझ्याच वर्गात होती. घरातून निघताना आजोबा आणि शाळेच्या फाटकातून आत गेले की "सर", हा भेद तिने कधी चुकू दिला नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून ती परक्यासारखी म्हणे, "सर, आत येऊ? आईने तुमच्यासाठी डबा दिलाय."

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की तिच्या वर्गातल्या मुली आपापला फराळ एका कागदावर एकत्र ओतत आणि डोळे मिटून एकेक चकली खात. मग प्रश्न विचारायचा, ही कुणाकडची? एक मुलगी तिखटावरून ओळखी, दुसरी तिळावरून. माझ्या नातीला बाकीच्या ओळखता येत नसत. परंतु स्वतःच्या आईची चकली तिने कधी चुकवली नाही. मी व्हरांड्यातून जाताना हे पाहत असे आणि त्या वेळेपुरती तासाची घंटा मला ऐकू येत नसे.

घरी चकल्यांचा दिवस ठरलेला होता, वसुबारसेच्या आधीचा रविवार. त्या दिवशी माझी मुलगी, म्हणजे नातीची आत्या, डोंबिवलीहून येई. सून कढईपाशी बसे. सोऱ्या फिरवण्याचे काम माझे, कारण घरात माझ्याच मनगटात जोर होता असे सर्वांनी ठरवून टाकले होते. मुलगा बंदरावर पाळीची नोकरी करतो. तो येता-जाता गरम चकली उचली आणि बायकोची बोलणी खाई. मी दमून मध्ये थांबलो की चकलीचे वेढे तुटत. मग सून म्हणे, "बाबा, हा श्लोक नाही. इथे यती घ्यायची नसते. एका दमात फिरवा." त्यावर आत्या म्हणे, "वहिनी, तू बाबांच्या वर्गात असतीस तर तुला बाकावर उभी केली असती." दात गेल्यापासून मला चकली चाववत नव्हती, माझ्या वाटणीची सून दह्यात भिजवून ठेवत असे.

नात परीक्षा आटोपून घरी आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर डब्यांची रांग लागलेली होती. व्याह्यांकडचा, आत्याने आणलेला, शेजारच्या बिऱ्हाडांचे, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या घरचे. जवळच्या कोन गावाहून भाजी घेऊन येणारी बाईसुद्धा रव्याचे लाडू देऊन गेली होती. "वैनी नाय, म्हनून काय तोंड गोड करायचं नाय?" असे म्हणून ती उंबऱ्याबाहेरच डोळ्यांना पदर लावून उभी राहिली होती.

नातीने एकेक डबा उघडला. प्रत्येकातली चकली तोडून तोंडात घातली आणि उरलेला तुकडा बशीच्या कडेला ठेवला. सगळे डबे संपल्यावर ती आत गेली. थोड्या वेळाने कढईचा आवाज आला, म्हणून आत्या धावली आणि तिच्यामागून मी गेलो. ओट्यावर भाजणीचा तो डबा उघडा होता आणि नात गॅस पेटवत होती.

"अगं, काय करतेस? वर्ष व्हायचंय अजून," आत्या म्हणाली.

"माहितेय. पण ही आईने दळलेली भाजणी आहे, आत्या. वर्षाने हिला जाळी लागेल. टाकून द्यावी लागेल."

"म्हणून सणाची कढई चढवायची?"

"तू आईच्या मासिक श्राद्धाला वडे तळलेस ना, याच कढईत? तेव्हा चाललं?"

"ते वेगळं. ते तिच्यासाठी होतं."

"मग हे कुणासाठी आहे?"

आत्याने माझ्याकडे पाहिले. नातही माझ्याकडे पाहत होती, शाळेत पाही तशी. तिच्या एका हातात झाकण होते आणि दुसरा हात भाजणीत होता. मूठ भरून ती उघडत होती, पुन्हा भरत होती. भाजणीला धन्यांचा वास अजून होता. तिच्या आईच्या हातचे जगात एवढेच उरले होते, आणि तेही काही महिन्यांत खवट होणार होते.

मी तिला गॅस बंद करायला सांगितले. तिने केला. तिचा चेहरा उतरला, पण तिने हट्ट धरला नाही. त्या गोष्टीचे मला अधिक वाईट वाटले.

देवघरासमोरच्या पाटावर मी बराच वेळ बसलो. नियम मोडावा असे मला वाटत नव्हते. ज्या तीन मृत्यूंच्या वेळी मी तो पाळला, त्या प्रत्येक वेळी मला त्याचा अर्थ निराळा वाटला होता. आता वाटले की तो अन्नाविषयी नसावाच. दुःखाच्या घराने स्वतःचे सर्व स्वतः करून घेतले, तर त्याचे दार वाजवण्याचे कुणाला कारण उरत नाही. कढई न चढवणे म्हणजे दार उघडे ठेवणे. हे खरे असेल, तर फराळ दारातून आत यावा एवढेच नियमाला हवे आहे. पीठ कुणाचे, हे तो विचारत नाही.

मी नातीला म्हणालो, "डबा घे. आपण खाली जाऊ."

"बाबा, ही पळवाट झाली," आत्या म्हणाली.

"असेल," मी म्हणालो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहतात. त्या बेने इस्राएल, कोकणातल्या जुन्या ज्यू घराण्यातल्या. मुले केव्हाच इस्राएलला गेली, त्या पनवेल सोडायला तयार झाल्या नाहीत. माझ्या सुनेवर त्यांचा फार जीव होता. सून गेली त्या दिवशी स्मशानातून परतल्यावर पहिला भात त्यांनीच आणून ठेवला होता. "आमच्यातही मयताच्या घरचा पहिला घास शेजाऱ्याचा असतो, मास्तर," असे त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

नातीने अडखळत सारे सांगितले. त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला, वास घेतला आणि डोळे पुसून एकदम कामाला लागल्या.

"पोरी, ती माळ्यावरची पिशवी काढ. मुलगा तिकडून नवी कढई देऊन गेलाय, मी एकटी बाई कुणासाठी वापरू? माझ्या रोजच्या कढईत सुरमई तळते मी. मास्तरांना चालेल, पण त्यांचे देव विचारतील."

"देव विचारणार नाहीत. माझी मुलगी विचारील," मी म्हणालो. नात हसली. तिच्या आईच्या जाण्यानंतर ते मी प्रथमच ऐकले.

ते हसू टिकले नाही. भाजणीत मोहन किती घालायचे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. सून तेल कडकडीत करून अंदाजाने ओती आणि पीठ मुठीत दाबून पाही. ती मूठ तिच्याबरोबर गेली. शेजारीणबाईंकडे चकली ही नेहमी आमच्याच घरून येई, त्यांनी ती कधी केली नव्हती. पहिल्या घाण्यात मोहन जास्त झाले आणि चकल्या तेलात विरघळून गाळ झाल्या. नात झारा हातात धरून त्या गाळाकडे पाहत राहिली. मग तिने पाणी जास्त घातले, तेव्हा चकल्या मऊ पडल्या. डब्याचा तळ दिसू लागला.

"राहू दे, आजोबा. आपण संपवतोय ती," ती म्हणाली.

शेजारीणबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "ती खाण्यासाठीच दळली होती, बाळा. ठेवून काय करशील?"

उरलेली भाजणी तिने एकटीने मळली. मोहन घातले, मूठ दाबली, उघडली, पुन्हा थोडे तेल घातले. गोळा सोऱ्यात भरून तिने सोऱ्या माझ्या हातात दिला. माझ्या मनगटांत आता पूर्वीचा जोर नाही. अर्ध्यावर हात थांबला, वेढा तुटला. मी वाट पाहिली. नातही वाट पाहत होती असे मला वाटले. मग ती खालच्या मानेने, अगदी हळू म्हणाली, "यती नाही घ्यायची, आजोबा."

मी एका दमात फिरवले.

त्या घाण्याच्या आठ-दहा चकल्या नीट झाल्या, काटेरी आणि खुसखुशीत. नातीने लगेच खाल्ली नाही. शेजारीणबाईंनी त्या आपल्या डब्यात भरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि स्वतः जिना चढून आमच्या दारात आल्या. गुडघ्यांमुळे त्या फारशा चढत नाहीत. बेल वाजली. आत्याने दार उघडले. "फराळ आणलाय," त्या म्हणाल्या. आत्याने दोन्ही हातांनी डबा घेतला आणि रांगेत शेवटी ठेवला. मग पुढे होऊन तिने त्यांना वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी माझा मुलगा कामावरून आला. हातपाय धुऊन, उभ्याउभ्याच त्याने हाताशी आलेला शेवटचा डबा उघडला. गेला दीड महिना तो जे मिळेल ते न पाहता खात असे. त्याने चकली तोडली, चावली, आणि चावता चावता थांबला. त्याने डब्याकडे पाहिले. डबा ओळखीचा नव्हता.

"ही कुणाकडची?" त्याने विचारले.

नात टेबलाच्या पलीकडे उभी होती. "आईकडची," ती म्हणाली.

तो खुर्चीवर बसला. उरलेला तुकडा त्याच्या हातातच होता. बऱ्याच वेळाने त्याने तो लेकीपुढे धरला. तिने डोळे मिटले, जसे ती वर्गात मिटत असे, आणि तो खाल्ला. मग वडिलांच्या खांद्यावर डोके टेकून ती रडली. स्मशानातून आम्ही परतलो तेव्हा, दहाव्याला, तेराव्याला, कधीही ती अशी रडली नव्हती. आत्याने दिवा लावला. मी जपाला बसलो, पण माळ पुढे सरकली नाही. उठून पाहतो तो माझ्या पाटाशेजारी वाटी ठेवलेली होती. तीत दही होते आणि दह्यात एक चकली.

यंदा वर्षश्राद्ध यथासांग झाले आणि घरात कढई पुन्हा चढली. भाजणी दुकानातून आणली. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी आत्या आली, नात आली, मी सोऱ्या फिरवला, खालच्या शेजारीणबाईंना पहिला डबा पोहोचवला. चकल्या उत्तम झाल्या होत्या. मुलाने दोन खाल्ल्या, पाणी प्यायला आणि कामावर गेला. ही कुणाकडची, असे कुणीही विचारले नाही.