कंपाउंडरचं नाक

आयुष्यभर दवाखान्यात पुड्या बांधलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करतो? बायकोच्या स्वयंपाकघरात घुसतो आणि तिथे पुड्या बांधतो. गल्लीत सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणत. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं, पण हे आपले कंपाउंडरच राहिले. दवाखाना बंद झाला तेव्हा तिथल्या तपकिरी काचेच्या रिकाम्या बाटल्या ते खोक्यात भरून घरी घेऊन आले. उकळत्या पाण्यात धुतल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि शेगडीच्या वरच्या फळीकडे बोट दाखवून काकूंना म्हणाले, "हे सगळं इथून हलवायचं."

काकू म्हणजे त्यांची बायको. त्या कशाला ऐकून घेतात!

"का? तुमचं काय वाकडं केलंय त्या डब्यांनी?"

"खालून वाफ लागते, खिडकीतून ऊन लागतं. मसाल्याचा जीव जातो."

"इतकी वर्षं जेवलात, तेव्हा नाही गेला जीव?"

पण शेवटी मसाले हलले. शेगडीपासून लांब, भिंतीतल्या बंद कपाटात गेले. मग नियम आले. धणे-जिरं अख्खं ठेवायचं, लागेल तेवढंच कुटायचं. पुदिना सावलीत वाळवायचा, आणि पान बोटात धरल्यावर चुरचुरत मोडत नाही तोवर त्याने बाटलीत जायचं नाही. ओला चमचा घालणाऱ्याची गय नाही, मग ती सख्खी लेक का असेना. काकूंनी कुरकुरत सगळं मान्य केलं. फक्त बाटल्यांना लेबलं लावायची गोष्ट निघाली तेव्हा साफ नाही म्हणाल्या.

"हे माझं स्वयंपाकघर आहे, दवाखाना नाही. झाकण उघडलं की मला कळतं आत काय आहे ते."

आणि खरंच कळायचं हो! काकूंचं नाक म्हणजे विचारूच नका. शेजारचं दूध करपायच्या बेतात असलं की या आपल्या घरातून ओरडून सांगायच्या. हिंगाच्या बाटलीला कंपाउंडर दुहेरी झाकण लावत. तरी त्यांनी वरचं झाकण नुसतं सैल केलं की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "हिंग कोणी काढला?"

कंपाउंडरांचं नाकही तसं वाईट नव्हतं, पण तोंड कंजूष. भाजी कशी झालीये? ठीक. डाळ? ठीक. काकू वैतागून म्हणायच्या, "ज्याची जीभ तोंडात असते तो माणूस काहीतरी बोलतो. तुमची कुठे ठेवलीय? बाटलीत?" त्यावरही कंपाउंडर नुसते मान हलवायचे. पानातलं मात्र सगळं चाटूनपुसून संपवायचे.

थंडीच्या शेवटी काकूंना ताप आला. चांगला अंगावर काढलेला ताप. उतरल्यावर त्या पुन्हा शेगडीपुढे उभ्या राहिल्या आणि सगळं पूर्ववत झालं, असं कंपाउंडरांना वाटलं. एकदा दूध करपलं, पण ते कोणाचं करपत नाही? नेमकी त्या दिवशी लेक आलेली होती. भांडं बघून ती म्हणाली, "आई, पुरे झालं आता. उद्या गॅस चालू राहिला आणि तुझ्या लक्षात आलं नाही तर? मी स्वयंपाकाला बाई लावून देते. तू आरामात बस." लेक बिचारी काळजीने बोलली. पण काकूंचा चेहरा असा उतरला, की जणू कोणी त्यांना घराबाहेर काढलं होतं. आरामात बसायचं म्हणजे नेमकं कुठे बसायचं, हे त्यांना कधी माहीतच नव्हतं.

मग एका दुपारी कंपाउंडर बाहेरून आले, आणि दारातच त्यांच्या नाकात हिंग घुसला. अख्खं घर भरून गेलं होतं. कपाट उघडून बघतात तर हिंगाच्या बाटलीचं झाकण तडकलेलं. आणि कपाटाला लागूनच पाटावर बसून काकू निवांत मटार सोलत होत्या.

"आलात? चहा टाकू?"

कंपाउंडरांनी एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा बायकोकडे. करपलेलं दूध, परवा जिऱ्याऐवजी ओव्याची बाटली उघडून तीनदा उलटसुलट बघणारी बायको, सगळं एकदम जागेवर बसलं. तापानंतर नाक जातं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. कधी परत येतं, कधी येत नाही. आणि त्यांच्या हेही लक्षात आलं की ही लपवतेय. लेकीला कळलं तर शेगडी हातची जाणार, म्हणून लपवतेय. माझ्यापासूनसुद्धा.

त्यांनी गुपचूप झाकण बदललं. म्हणाले, "टाक चहा."

त्या संध्याकाळपासून कंपाउंडर बोलायला लागले. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून पेपर घेऊन बसायचे आणि पेपराआडून एकेक बातमी सोडायचे. "वा, जिरं छान तडतडलं, खमंग येतोय वास." "लसूण लाल व्हायला लागला वाटतं, जरा जहाल येतोय." "अगं, ती दालचिनी आहे ना? इथपर्यंत आली." काकू लगेच आच कमी करायच्या, हातातली बाटली खाली ठेवून दुसरी घ्यायच्या. जाता येता कंपाउंडर गॅसचं बटण बघून घ्यायचे.

सुरुवातीला काकू चकित झाल्या. "आज स्वारी काय भलतीच खुशीत आहे?" मग त्या खुलायलाच लागल्या. शेजारणीला सांगताना त्यांचा आवाज ऐकू आला, "अहो, म्हातारपणी का होईना, यांना बायकोचं कौतुक सुचलं!" कंपाउंडर पेपरात डोकं खुपसून बसले. कान मात्र लाल झाले.

आणि मग त्यांना पडसं झालं. साधंसुधं नाही, दोन्ही नाकपुड्या बंद. त्यात तो रविवार, लेक जेवायला येणार. सांगावं तर ही घाबरणार. कंपाउंडरांनी रुमाल खिशात लपवला आणि स्टुलावर ठाण मांडलं. आत कढई ठेवल्याचा आवाज आला. थोडा वेळ जाऊ दिला आणि मग त्यांनी अंदाजाने फेकलं, "वा! काय खमंग सुटलंय जिरं!"

मग काकू दारात आल्या, हातात काडेपेटी.

"अहो, मी अजून गॅस पेटवलेलाच नाही."

कंपाउंडरांनी तोंड उघडलं. त्यातून निघाली ती एक जंगी शिंक.

काकू आधी खो खो हसल्या. हसता हसता पाटावर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. डोळे पुसून होईनात, तेव्हा कंपाउंडरांना कळलं की हे हसणं नाही.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"हिंगाचं झाकण तडकलं तेव्हापासून."

"म्हणजे ते सगळं... जिरं खमंग, लसूण छान... ते औषध होतं होय? पेशंटला दिवसातून तीनदा? आणि मी येडी गावभर सांगत सुटले, नवऱ्याला कौतुक सुचलं म्हणून!"

नाक गेल्यापेक्षा हे जास्त लागलं होतं तिला. कंपाउंडर स्टुलावरून उठले, गुडघ्यावर हात टेकत तिच्याशेजारी जमिनीवर बसले. बोलायची सवय नसलेल्या माणसाला असल्या वेळी घाम फुटतो. तसा त्यांना फुटला.

"पहिले काही दिवस औषधच होतं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण वास कसा येतोय ते सांगायचं तर आधी तो नीट घ्यावा लागतो ना. घ्यायला लागलो, आणि मग कळलं, आयुष्यभर मी किती चांगलं जेवलो ते. हे औषध नाही. हे राहून गेलेलं आहे."

काकूंनी पदराचं टोक कंपाउंडरांच्या नाकाला लावलं आणि लहान मुलाला म्हणतात तसं म्हणाल्या, "शिंकरा."

मग दोन बंद नाकांनी मिळून स्वयंपाक केला. आणि गंमत म्हणजे, तो काही अडला नाही. काकूंनी त्यांना मोहरी ऐकायला लावली. तडतड कमी व्हायला लागली की जिरं टाकायचं. कांद्याच्या कडा बघायला लावल्या. धण्याची पूड बोटांत चोळून खरखर कशी लागते आणि जिऱ्याची कशी, ते दाखवलं. हे सगळं तिच्या हातात, कानात, डोळ्यांत होतंच, नाक गेलं म्हणून ती घाबरून विसरली होती एवढंच.

लेक आली, जेवली, मागून भाजी घेतली. तिचा हात धुवून झाल्यावर कंपाउंडर म्हणाले, "तुझ्या आईला वास येत नाही. तापापासून."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

"आई! आणि तू गॅसपाशी? बाबा, तुम्ही तिला..."

"मी असतो. पेटवताना असतो, बंद करताना असतो. मी बाहेर गेलो की शेगडी बंद, हे आमचं ठरलंय." काहीही ठरलेलं नव्हतं, पण आवाज असा होता की दवाखान्यातला एखादा हट्टी पेशंटसुद्धा गोळी गिळून टाकेल. "बाई लागणार नाही. या घरात दोन माणसं स्वयंपाक करतात."

लेक आईकडे बघत राहिली. "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू मला बसवली असतीस," काकू म्हणाल्या.

लेकीने उठून तिला मिठी मारली आणि जरा रडून घेतलं. जाताना मात्र बापाला दारात गाठून बटणाबद्दल चार वेळा बजावलंच.

ती गेल्यावर काकूंनी कपाट उघडलं. सगळ्या तपकिरी बाटल्या रांगेत उभ्या होत्या. "लावा आता लेबलं," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिहा. तुमचं दवाखान्यातलं अक्षर नको, ते फक्त औषधवाल्यांना कळायचं." कंपाउंडरांनी लेबलं लावली. इतकी वर्षं जे करायची हौस होती ते करायला मिळालं, आणि करताना त्यांना अजिबात बरं वाटलं नाही.

पडसं जाता जाता गेलं. एका सकाळी काकू मंद आचेवर धणे भाजत होत्या. मागे पावलं वाजली.

"उघडलं का हो नाक?"

कंपाउंडरांनी लांब श्वास घेतला. "उघडलं."

"मग सांगा कसा येतोय. आणि ठीक म्हणालात ना, तर कालथा घालीन डोक्यात."

कंपाउंडर कढईवर वाकले. "आधी वाळल्या गवतासारखा होता. आता जरा गोडसर झालाय. संत्र्याच्या सालीसारखा... आता बंद कर, पुढे कडू होईल."

काकूंनी गॅस बंद केला, धणे ताटलीत काढले आणि त्यावर मान झुकवून डोळे मिटले. काही आलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "अजून सांगा," त्या म्हणाल्या.

"आपली पहिली खोली आठवते? तिथेच पलंग, तिथेच शेगडी. मी उठायच्या आधी तू धणे भाजायचीस. माझ्या शर्टाला हाच वास लागायचा. दवाखान्यात पुड्या बांधता बांधता मी बाही नाकाशी न्यायचो. सारखी. डॉक्टरांना वाटायचं, याला सर्दी आहे."

काकूंनी डोळे उघडले. इतकी वर्षं हा माणूस मूग गिळून बसला होता! त्यांनी त्याचा हात ओढला, शर्टाची बाही नाकाशी धरली आणि खोल, लांब श्वास घेतला.

"येतो?" कंपाउंडरांनी आशेने विचारलं.

काकूंनी बाही सोडली नाही.

"ठीक," त्या म्हणाल्या.