जपानात उतरायचं घर

सोलापूरच्या बाळीवेशीत कुणाला लांबच्या गावाला जायचं असलं, की माणूस आधी दाक्षायणीबाईंच्या दारात येतो आणि मग स्टेशनवर जातो. शाळेच्या ऑफिसात कारकुनी करून त्या निवृत्त झाल्या, पण गल्लीच्या सहली काढण्यातून त्यांना निवृत्ती नाही. त्यांची रीत ठरलेली. गाव नंतर, घर आधी. श्रीशैलला जायचं? मग कर्नूलला शेजारच्या केराबाईच्या नणंदेचा दीर असतो, त्याच्याकडे मुक्काम. म्हैसूरला जायचं? तिथं सोलापूरचा कुणीतरी बँकेत बदलून गेलेला असतोच. त्याला आधी कळवायचं नाही, नाहीतर तो नेमका त्याच दिवशी गावाला जातो. थेट जाऊन बेल वाजवायची, म्हणजे बिचारा हसत हसत गाद्या घालतो. हॉटेलात कोण उतरतं? ज्याचं त्या गावात कुणी नाही तो. असं बाई म्हणत, आणि कुणी हॉटेलाचं नाव काढलंच तर त्याच्याकडे पोरक्या लेकराकडे बघावं तसं बघत.

अशा बाईंना त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, अमृतनं, जपानला बोलावलं आणि पाचही रात्रींच्या मुक्कामाला हॉटेल धरलं.

अमृत कॉम्प्युटर इंजिनियर. टोकियोतल्या एका कंपनीत लागला तेव्हा त्याच्या वडिलांनी, गुरुबसप्पांनी, गल्लीभर पेढे वाटले होते. गुरुबसप्पा म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग दुरुस्त करत जन्म काढलेला माणूस. बोलणं कमी आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी पेढे वाटले याचंच लोकांना जास्त नवल वाटलं होतं. सुरुवातीला पोरगा एकदा घरी येऊन गेला. पुढं दिवाळी आली की काम, गणपती आले की काम. आणि यंदा अचानक त्यानंच फोनवर सांगितलं, सिद्धेश्वराची जत्रा आटोपली की या, नागानोच्या डोंगरात बर्फ दाखवतो, स्कीइंग शिकवतो.

आता सोलापूरच्या माणसाला बर्फ ठाऊक तो रसाच्या गाड्यावरचा. पण दाक्षायणीबाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मोबाईलवर स्कीइंग बघितलं, गुडघे कसे वाकवतात ते ध्यानात घेतलं आणि दुपारच्या भांड्यांनंतर दाराची चौकट धरून सराव सुरू केला. केराबाईनं खिडकीतून बघून कंबर धरली का म्हणून विचारलं आणि तेलाची बाटली घेऊन आली. गुरुबसप्पा म्हणाले, या वयात फळ्यांवर उभं राहून घसरायला पैसे मोजायचे, हे डोकं जपान्यांचंच. पण त्यांनीही गुपचूप लोकरी टोपी आणून ठेवली आणि ऐन दुपारच्या उन्हात आरशासमोर घालून बघितली.

अमृत रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून तयारी करून घेत होता. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा, पोटरीचा घेर सांगा, अप्पांचं वजन सांगा. वजनावरून बूट फळीला किती घट्ट अडकवायचा ते ठरतं, म्हणजे पडलं तर बूट सुटतो आणि गुडघा वाचतो, असं त्यानं सांगितलं. मोजे दोन घालू नका, एकच जाड घाला. तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचं, तो थांबत नाही, चालत्यातच बसायचं. पोराला किती बारीक माहिती, म्हणून बाईंचा ऊर भरून यायचा. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर जात असेल, असं त्यांनी धरून चाललं.

एकच गोष्ट त्यांना डाचत होती. विमानतळावरून डोंगर, डोंगरावरून विमानतळ. मध्ये टोकियो नाही, अमृतचं घर नाही. आपल्या पोराची चूल कुठल्या अंगाला आहे, पाणी कुठून भरतो, हे आईनं बघायचं नाही? विचारलं की तो म्हणायचा, खोली लहान आहे, लांब पडतं, वेळ जाईल, आणि मागचं काही दिसायच्या आत फोन दुसरीकडे फिरवायचा. बर्फ बघायला वेळ आहे आणि घर बघायला नाही? बाईंना वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणण्यापेक्षा राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. घरात कुणी बाई असेल. असू दे की, पण मग सांगायला काय झालं? नवऱ्याकडे विषय काढला तर ते म्हणाले, तुला सगळ्यांच्या घरात डोकवायची खोड आहे.

मग बाईंनी आपल्या रीतीनं जे करायचं तेच केलं. नवी पेठेतल्या ट्रॅव्हलवाल्या बाईंकडे गेल्या, परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढलं आणि व्हिसाच्या कागदावर त्या दोन दिवसांसाठी मुलाच्या घरचा पत्ता घातला. पत्ता त्यांच्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी त्यावर शेंगाचटणीचं पार्सल पाठवलं होतं. पोराला आधी कळवायचं नाही, थेट जाऊन बेल वाजवायची. कर्नूलला चालतं ते टोकियोला का चालू नये?

पण इतकी मोठी गोष्ट पोटात राहीना. त्याच संध्याकाळी फोन आला आणि बाईंनी मोठ्या कौतुकानं सांगून टाकलं. गुरुबसप्पा तेव्हा देवळात गेले होते. अमृतच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो म्हणाला, तिकिटं बदल. बाई म्हणाल्या, नाही बदलणार. तो म्हणाला, त्या पत्त्यावर मी राहत नाही.

"मग कुटं राहतोस?" बाईंचा आवाज चढला. "काय लपवलालास माझ्यापासून? कुणी आहे का घरात? असली तर सांग, मी काही खाणार नाही तिला."

"कुणी असती तर बरं झालं असतं, अव्वा," अमृत म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. कंपनीनं दीड वर्षापूर्वी निम्मी माणसं कमी केली, त्यात तो गेला. दुसरीकडे तसलं काम मिळेना. परत यायचं तर गल्लीत पेढे वाटून झालेले. शेवटी तिथल्या कामाचा परवाना रीतसर बदलून घेतला आणि त्या डोंगरातल्या हॉटेलात लागला. ज्या हॉटेलात त्यांच्या खोल्या घेतल्या होत्या, त्याच. खालच्या मजल्यावर स्कीचे बूट भाड्यानं देतात, तिथं तो असतो. येणाऱ्याचं माप घेतो, वजन विचारतो, खाली बसून पायात बूट चढवतो, बकलं आवळतो. संध्याकाळी ओले बूट पुसून वाळत लावतो. राहायला मागं कामगारांच्या खोल्या आहेत, एका खोलीत चौघं. ते पाच दिवस त्यानं रजा टाकली होती. आईबापांबरोबर गिऱ्हाईक म्हणून हिंडणार होता.

"सगळ्यांना सांगून ठेवलंय," तो म्हणाला, "तेवढे दिवस मला ओळख दाखवू नका म्हणून."

अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. दाक्षायणीबाई शहाण्या होत्या, पण त्या क्षणी नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आता मी गल्लीत कुठल्या तोंडानं फिरू?" आणि फोन ठेवून दिला.

गुरुबसप्पा देवळातून आले तेव्हा स्वयंपाक झाला नव्हता. बाईंनी सगळं सांगितलं. ते चपला न काढता तसेच उभे राहिले.

"लोकांच्या पायांत बूट घालतो," ते म्हणाले. "माझा पोरगा. आणि आपण जाऊन त्याच्यापुढं पाय करायचा व्हय? रद्द कर सगळं."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. केराबाई सहलीचं कुठवर आलं म्हणून विचारायला आली, तिला बाईंनी व्हिसाचं लांबलंय असं सांगितलं आणि दार लोटून घेतलं. नवरा कोपऱ्यात बसलेला. बाई भाकरी थापताना रडत होत्या आणि नवऱ्याला ते दिसत होतं, पण तो काही उठला नाही.

रडू नोकरीचं नव्हतं. स्वतःच्याच तोंडून निघालेलं वाक्य त्यांना खात होतं. पोरगं परमुलखात दीड वर्ष बूट पुसत होतं आणि आपण विचारलं काय, तर गल्लीतल्या तोंडाचं. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या आता लक्षात आली. याला लपवायचंच होतं तर बोलावलं कशाला? काम आहे म्हणून आणखी दोन वर्षं काढली असती, कुणाला कळलं नसतं. उघडं पडायची भीती असताना त्यानं नेमकं तिथंच बोलावलं, कारण आईबापांना बोलवायला त्याच्याकडे दुसरी जागाच नव्हती. त्याला आपण हवे होतो. इतकं साधं आपल्याला कळू नये, याची बाईंना लाज वाटली. हजार घरांच्या बेल वाजवल्या आणि स्वतःच्या लेकराच्या दाराशी अक्कल गहाण पडली.

त्या नवी पेठेत गेल्या आणि वाढवलेले दोन दिवस कमी करून परतीचं तिकीट पूर्ववत करून आणलं. गुरुबसप्पांना सांगितलं, मी जाते, तुमचं तुम्ही ठरवा. ते म्हणाले, जा. स्वतःच्या तिकिटाबद्दल हो की नाही, काहीच बोलले नाहीत. लोकरी टोपी मात्र त्यांनी कपाटात सगळ्यात खाली नेऊन ठेवली.

संध्याकाळी बाईंनी आपण होऊन फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा अमृतनं घेतला. त्याच्या मागं भिंतीला ओळीनं बूट टांगलेले होते. या वेळी त्यानं फोन दुसरीकडे फिरवला नाही.

बाईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. तिकीट बदललंय म्हणाल्या. त्या दिवशी माझं चुकलं म्हणाल्या, आणि हे अमृत आईच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होता. अप्पा येणार का, असं त्यानं हळूच विचारलं. माहीत नाही, बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत.

"आणि रजा काढू नकोस," त्या म्हणाल्या. "तू कामावर असशील तेवढा वेळ मी तिथंच कोपऱ्यात बसेन. लोकांना ओळख दाखवू नका म्हणून सांगितलंस, ते आधी मागं घे. संध्याकाळी तुझ्या खोलीवर यायचंय मला."

"अव्वा, तिथं बायकांना आत सोडत नाहीत. आईलासुद्धा नाही. नियम आहे."

घर आधी आणि गाव नंतर, अशी जन्मभर ज्यांनी माणसं हिंडवली, त्यांना त्या गावात पाय ठेवायला घरच नव्हतं. मागं गुरुबसप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

"दारापर्यंत सोडतात की न्हाय?" बाईंनी विचारलं.

अमृतनं तोंड बाजूला वळवलं.

"सोडतात," तो म्हणाला. "पण बाहेर लई बर्फ असतो, अव्वा."

"असू दे," बाई म्हणाल्या. "मी उभी राहते."