माडीवरच्या रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक

प्रमाणित करण्यात येते की, श्री. दत्तात्रेय सीताराम खोपकर, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन, बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ, ओळखीची खूण डाव्या कानामागे तीळ व उजव्या कानामागे पेन, हे सदर गावातील रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक असून त्यांच्या अखत्यारीत दोन स्थानके, सात इंजिने, एकवीस सिग्नल व एक बोगदा येतो. सदर नेमणूक त्यांनी सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, स्वतःच्याच सहीने केलेली आहे.

रेल्वे माडीवर आहे. चौदा फूट बाय आठ फूट प्लायवूड, त्यावर खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे रूळ आणि हाताच्या वितीएवढी इंजिनं. तालुक्यात दुसरी रेल्वे नसल्यामुळे तुलनेला वाव नाही, आणि खोपकरांना तुलना कधीच मानवलेली नाही.

त्याआधी एकतीस वर्षं ते तालुक्यातल्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. लोक अर्ज आणत, खोपकर तो चष्म्यावरून पाहत आणि ट्रेमध्ये टाकत. पोच मागणारा माणूस त्यांना जात्याच संशयी वाटे. "कागद माझ्यापुढे आला ना? मग पोचला," असं ते सांगत, आणि माणूस ओटीवरून उतरून यष्टीस्टँडकडे चालू लागे. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा येई आणि कागद आलेलाच नसे. एवढ्या एका कौशल्यावर त्यांनी दोन बढत्या मिळवल्या. निवृत्तीनंतर गावात 'भाऊसाहेब' म्हणणं सवयीनं चालू राहिलं, पण त्यांना पाहून लोकांचं बाकावरून उठणं बंद झालं. खोपकरांना माणसं नको होती, उठणं हवं होतं. म्हणून त्यांनी अशी रेल्वे काढली, की जिच्यात सगळं त्यांच्या परवानगीसाठी थांबून राहील.

ती काढली म्हणजे धाकू जाधवांकडून काढून घेतली. धाकू बौद्धवाडीतले, खऱ्या रेल्वेच्या सिग्नल खात्यात सव्वीस वर्षं काढून आलेले. एकवीस सिग्नलांची प्रत्येक वायर त्यांनी ओढली, प्रत्येक दिव्याला त्याचा रेझिस्टर लावला, वायर तुटली तर सिग्नल आपोआप लाल होईल अशी जोडणी केली, आणि टेबलाखाली सगळ्या वायरींना चिठ्ठ्या बांधल्या. टेबलाखाली खोपकर कधी गेले नाहीत. ते स्टुलावर बसून सूचना देत. दारावर पितळी पाटी आहे: 'रचना व उभारणी: द. सी. खोपकर'. धाकूंचं नाव फक्त त्या चिठ्ठ्यांच्या अक्षरात आहे.

दोघांचा एकदाच वाद झाला. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाची नखाएवढी पट्टी असते. रुळातून आलेला हुकूम ती ऐकते, त्याप्रमाणे इंजिन चालवते, आणि बारीक स्पीकरमधून धडधड, शिट्टी, ब्रेकचं किंचाळणं सगळं काढते. धाकूंचं म्हणणं, सिग्नल लाल असला की पुढच्या रुळातली वीज तोडायची, म्हणजे गाडी थांबलीच पाहिजे. खोपकरांचं म्हणणं, वीज तोडली की आवाजही मरतो, आणि लाल सिग्नलला उभं असलेलं इंजिन गुरगुरत राहिलं पाहिजे.

"मग भाऊसाहेब, सिग्नल नुसता शोभेचा राहील," धाकू म्हणाले.

"शोभा असू दे. थांबवायला मी आहे."

त्यामुळे माडीवरची रेल्वे खोपकरांच्या बोटावर थांबत असे. गाड्या कमी धावत आणि जास्त उभ्या राहत. बघायला आलेला माणूस लाल दिव्यापाशी गुरगुरणारं इंजिन वीस मिनिटं बघे, मग त्याला बाजारात काम आठवे.

अशात चंदर घरतांच्या कानावर ही रेल्वे गेली. घरत उरणकडचे. वडील मिठागरात होते, चंदरशेठचे कंटेनरचे ट्रक आहेत आणि हरिहरेश्वरला समुद्राकडे तोंड करून रिसॉर्ट उभं राहत होतं. त्याच्या हॉलमध्ये पाहुण्यांनी जेवणाची वाट बघताना काहीतरी बघावं, असं त्यांच्या मनात होतं. येत्या रविवारी आईला देवदर्शनाला नेताना बोर्लीत थांबतो, आवडलं तर रेल्वेही नेतो आणि भाऊसाहेबांनाही, असा निरोप त्यांनी फोनवर दिला. युनिफॉर्म मिळेल, काचेची केबिन मिळेल, केबिनवर नाव. खोपकरांनी 'केबिनवर नाव' एवढंच ऐकलं आणि त्या आठवड्यात त्यांना धड जेवण गेलं नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर नावाची पाटी नव्हती. ती साहेबांच्या दाराला असते. आता मिळाली तर हीच, नाहीतर कधीच नाही.

त्यांच्या पत्नी विनिताताईंनी एवढंच विचारलं, की नेतील ना नक्की. माडी मोकळी झाली तर सुपारी वाळत घालायला हवी होती.

रविवारी सकाळी रेल्वे अगदी ठीक होती. म्हणजे धाकूंनी शनिवारी सोडली तशी होती. पण खोपकरांच्या लक्षात आलं, की ज्या गाडीनं चंदरशेठना सलामी द्यायची, तिचा नंबर पाच आहे. मोठ्या माणसासाठी पाच नंबरची गाडी, हे शिष्टाचाराला धरून नव्हतं. तिला एक नंबर द्यायचा, आणि शिट्टीचा आवाजही पूर्ण वाढवायचा, असं त्यांनी ठरवलं.

डीकोडरचे नंबर आणि आवाज बदलायला धाकूंनी टेबलाच्या कडेला हातभर रुळाचा वेगळा तुकडा ठेवला होता. त्यावर एकच इंजिन उभं करायचं, म्हणजे बदल त्या एकाच इंजिनात होतो. हा तुकडा कुठेही न जाणारा, बाकीच्या लाईनपासून मुद्दाम तोडलेला. कुठेही न जाणारा रूळ मुख्यालयात बरा दिसत नाही, म्हणून खोपकरांनी शुक्रवारीच धातूच्या दोन जोडपट्ट्या मागवल्या होत्या. रविवारी सकाळी त्यांनी त्या स्वतःच्या हातानं बसवल्या आणि तुकडा लाईनला जोडून टाकला. विभागीय व्यवस्थापकांनी स्वतः केलेलं हे पहिलं काम. मग त्यांनी नंबर बदलला, आवाज वाढवला, आणि बटण दाबलं.

हुकूम देणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आलं, की इंजिनाकडून पोच मिळाली नाही.

दुसरा कोणी थबकला असता. खोपकरांनी पुढचं बटण दाबलं. तो हुकूम तोवर जोडलेल्या रुळांवरून सगळ्या गावभर, म्हणजे चौदा फूट फिरून आला होता आणि सातही इंजिनांनी तो मुकाट्यानं मान्य केला होता. सातही आता एक नंबरची होती.

चंदरशेठ अकराला आले. बरोबर आई, सोनूबाई, सत्तरीपुढच्या, गुडघ्याला पट्टा. त्यांना खुर्ची दिली. खोपकरांनी इस्त्रीच्या कोटात उभं राहून लिहून आणलेलं भाषण वाचलं, त्यात सुरक्षितता हा शब्द नऊ वेळा होता. सोनूबाईंनी दुसऱ्या पानावर डोळे मिटले. धाकू दारात उभे होते. ते कडेच्या रुळाकडे बघत होते. जोडपट्ट्या त्यांना दिसल्या असाव्यात, कारण ते हलकेच म्हणाले, "भाऊसाहेब, जरा थांबा."

थांबा हा शब्द त्या खोलीत दुसऱ्या कोणी वापरायचा नव्हता. खोपकरांनी एक नंबर दाबला.

सातही इंजिनं एकदम शिट्टी देऊन सुटली. कौलांवरून कावळे उठले, खाली विनिताताईंच्या हातून कपबशा पडल्या. एकवीसही सिग्नल शिस्तीत लाल होते आणि त्यांच्याखालून सात गाड्या सात दिशांनी जात होत्या. दोन समोरासमोर भिडल्या, तिसरी बोगद्यात मालगाडीवर चढली, चौथी टेबलावरून थेट सोनूबाईंच्या पायाशी आली आणि आडवी पडूनही पूर्ण आवाजात ब्रेक लावत राहिली. खोपकर थांबवायचं बटण शोधत होते. धाकूंनी भिंतीवरचा प्लग काढला.

शांतता झाली. आणि सोनूबाई हसायला लागल्या. पदर तोंडाशी धरून, खुर्ची करकरेपर्यंत हसल्या. चंदरशेठ आधी आईकडे बघत राहिले, मग तेही.

"भाऊसाहेब," सोनूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आनिक एकदा लाव बग."

खोपकर म्हणाले, हा तांत्रिक बिघाड होता, चौकशी करून जबाबदारी निश्चित करण्यात येईल. हे म्हणताना त्यांनी धाकूंकडे पाहिलं. धाकूंनी वाकून दोन जोडपट्ट्या काढल्या आणि त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

चंदरशेठना चौकशी नको होती. "त्या तुमच्या थांबलेल्या गाड्या कोन बगनार? आमच्या ट्रकच्या लायनी कमी हायत काय? मना ह्येच पायजे. रोज. केबिन देतो, नाव लावतो, पन टक्कर झाली पायजे."

खोपकरांनी विचाराला तीन दिवस मागितले. कचेरीत ते कुठल्याही कागदाला तीन आठवडे घेत, त्यावरून घाई समजावी. या तीन दिवसांत, आयुष्यभर नियम सांगितलेला हा माणूस काय करेल, यावर बाजारात थोडी चर्चा झाली. बहुतेकांचा अंदाज बरोबर निघाला. बुधवारी त्यांनी होकार कळवला, लेखी, आणि त्या पत्राची पोच मागितली.

रेल्वे नेताना टेबल पुन्हा धाकूंनीच उतरवलं आणि हॉलमध्ये पुन्हा त्यांनीच जोडलं. त्यांचं नाव आता चंदरशेठच्या पगारपत्रकावर आहे, कुठल्याच पाटीवर नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. दोन गाड्या नेमक्या कुठे भिडवायच्या ते त्यांनी खडूनं आखलं, इंजिनांखाली स्पंज लावला, किंचाळण्याचा आवाज पाहुण्यांना जेवता येईल इतका उतरवला. मग त्यांनी केबिनमध्ये बसलेल्या साहेबांना विचारलं, की टकरीच्या वेळी सिग्नल कुठला ठेवू.

"लाल," विभागीय व्यवस्थापक म्हणाले. "चूक ड्रायव्हरची दिसली पाहिजे."

अपघात रोज संध्याकाळी पाच वाजता होतो. रविवारी दोनदा.