कणकेचा मासा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर माझ्या आत्याचे. सिन्नरजवळच्या आमच्या गावात कॉलेज नव्हतं. नव्वदच्या दशकात बी.एस्सी.ची सगळी वर्षं मी तिच्या शहरातल्या, इंदिरानगरच्या घरी राहिलो, जेवलो. ताटात तिसरी पोळी घेतली की ती विचारायची, "पोट हाय का पोतं?"

शेवटच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या सेमिनारला मी खोल समुद्रातला एक मासा निवडला. तोवर समुद्र मी पाहिला नव्हता. हा मासा वीतभर लांब, काळा, बिनखवल्यांचा. राहतो ऊन पोचत नाही अशा थंड अंधारात. तिथे भक्ष्याची गाठ क्वचितच पडते, म्हणून स्वतःपेक्षा मोठा मासाही तो अख्खा गिळतो. जठर फुग्यासारखं ताणलं जाऊन पोटाखाली लोंबतं, इतकं पातळ की आतलं दिसतं. कधी गिळलेलं पचण्याआधीच कुजतं, आत वायू साठतो आणि मासा मरून वर तरंगत येतो. माणसाच्या हाती तो बहुधा असाच लागतो.

घरी हे सांगितलं तर आतेभाऊ म्हणाला, "आई, हा तर आपल्याच घरात हाय की!"

कॉलेजात नमुना नव्हता. सर म्हणाले, प्रतिकृती करून आण, तिला गुण आहेत. पहिला वर्ग मिळाला तरच मला एम.एस्सी.ला जाता येणार होतं. मी कणकेचा मासा केला. पारदर्शक पिशवीचं जठर लावलं, त्यात कणकेचाच दुसरा मासा वळवून ठेवला.

आत्या माळकरी. घरात मासळीचा वासही चालत नसे. जेवणं उरकून ती ओटा आवरायला आली आणि थबकली.

"माझ्या सैपाकघरात मासा?"

"कणकेचा हाय, आत्या. उद्या सेमिनार हाय."

"मंग अन्नच हाय. वाया कसं घालू?"

तिने पिशवी फाडली, दोन्ही मासे एकत्र मळले, जाड रोट थापून तव्यावर टाकला. सगळे बघायला बसले.

"घाल पोटात. तुझा मासा खातोच ना एवढालं!"

मी जेवलेलो होतो. शेवटचा घास उतरेपर्यंत ती समोरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नुसतं चित्र काढलं. प्रतिकृतीचे गुण गेले, पहिला वर्ग थोडक्यात हुकला, एम.एस्सी. राहिली. तरी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मीच, आणि तोही तिच्या अन्नावर. पुढे शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा तिचा निरोप आला: रविवारी जेवायला ये. मी पत्र पाठवलं.

"ती. आत्यास साष्टांग नमस्कार. निरोप मिळाला. तुझ्या घरी जेवलो नसतो तर शिकलो नसतो, हे मी सगळ्यांना सांगतो, जन्मभर सांगेन. रविवारी नक्की येतो. पाया पडेन. चहासुद्धा टाकू नकोस. मी जेवून येईन."