कर्ती अज्ञात

भंडाऱ्यात राहून कॉपीराइटचा अभ्यास करणं म्हणजे वैनगंगेच्या काठी बसून उंटाचे आजार शिकणं. इथे लोक कोर्टात येतात ते धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणासाठी. मी लॉ कॉलेजात शिकवतो, नावापुढे डॉक्टर लावतो, तरी गावाकडचा कोणी भेटला की विचारतो, "सर, आमच्या धुऱ्याचं पाहता का?" मी सांगतो, माझा विषय लेखकाचा हक्क. तो मान डोलावतो आणि दुसरा वकील शोधतो.

या हक्कावर माझं जाडजूड पुस्तक आहे, डॉक्टरकीचाच प्रबंध. नागपूरच्या प्रकाशकानं छापलं आणि गोदामात नीट ठेवलं. खपलं नाही, कारण कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं पहिल्याच महिन्यात त्याच्या स्पायरल बांधलेल्या प्रती काढल्या. 'लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग छापू नये' हे पानही तो इमानेइतबारे झेरॉक्स करतो.

या पुस्तकाचं चौथं प्रकरण माझी शान. लोकगीताला कोणी एक कर्ता नसतो, ते साऱ्या समाजाचं असतं, असं मी त्यात सिद्ध केलं. सिद्ध करायला एक गाणं हवं होतं, म्हणून धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या वेळी आमच्या करडी गावच्या बाया म्हणतात ते घेतलं.

*मोहाडीच्या बाबूनं बाई कागद मागं सारला,*
*दाखला माह्या लेकाचा म्हणे गोंद्याले गेला.*

खाली तळटीप टाकली : 'परंपरागत. कर्ती अज्ञात.'

आता हे गाणं किती परंपरागत, ते पाहा. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा मोहाडीच्या तहसील कचेरीत एका बाबूला नवीन हत्यार सापडलं. कागद मिळाला नाही की तो सांगायचा, गोंद्याला गेला. मोहाडी भंडाऱ्यातच राहिली होती, पण कागद मात्र जात होते. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी माय त्याच्याकडे किती खेपा गेली, तिलाच ठाऊक. दाखला नसता तर माझी अ‍ॅडमिशन गेली असती. त्या रागात तिनं चिखलात उभं राहून हे गाणं रचलं. पुढे ते कारध्याकडच्या बायांच्याही तोंडी गेलं. आणि मी, त्याच दाखल्यावर शिकलेला विद्वान, ते गाणं पुराणकाळात ढकलून मोकळा झालो. मला सगळं माहीत होतं. कर्ती सापडली असती तर प्रकरण कोसळलं असतं, एवढंच. प्रबंधाच्या परीक्षकांपैकी एकानंही विचारलं नाही की पुराणकाळात गोंदिया जिल्हा कुठून आला.

गावानं विहारात माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, दोन तास भाषणं. घरी आल्यावर मायनं पुस्तक मांडीवर घेतलं. ती प्रौढवर्गात वाचायला शिकलेली, बोट ठेवून वाचते. नेमकं तेच पान निघालं. गाणं तिनं भराभर वाचलं, बोट तळटिपेवर येऊन थांबलं.

"काहून गा, अज्ञात म्हंजे काय?"

"ज्याचं नाव कोणाले माहीत नाही तो."

"तुले माहं नाव माहीत नाही?"

मी शाल घडी करत बसलो. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच नीट घड्या घालतो.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाला फोन केला. मायचं नाव घालायचं आहे, म्हटलं. तो म्हणाला, "नक्की घालू, दुसऱ्या आवृत्तीत." पहिलीला गोदामात वाळवी खात होती. मी मायला जसंच्या तसं सांगितलं : दुसऱ्या आवृत्तीत. ती "बरं" म्हणाली आणि रोवण्याला गेली. त्या हंगामात गाण्याला नवीन कडवं जोडलं गेलं.

*मोहाडीचा बाबू बरा, कागदालेच हारवलं,*
*लेकानं तं पुस्तकात मायलेच हारवलं.*

धुऱ्यावरून मी जात असलो की बाया मुद्दाम वरच्या पट्टीत म्हणायच्या. माझ्या पुस्तकात यावर काही उपाय नाही, मी शोधला.

शेवटी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याला द्यायची कायदेशीर नोटीस पिशवीत तयार होती. मला पाहून तो उठलाच. "या सर! तुमचंच पुस्तक सबसे ज्यादा चालून राहिलं." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "काही चुकलं का?" मी पान दाखवलं. "एवढंच नं? नवीन पान टाइप करून द्या. उद्यापासून तेच निघते."

नोटीस पिशवीतच राहिली. लेखकाच्या हक्कावरचं माझं पुस्तक आज फक्त चोरीच्या प्रतीत बरोबर आहे.

एक स्पायरल प्रत घेऊन करडीला गेलो. मायनं बोट ठेवून आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. बोट बराच वेळ तिथंच होतं. मला बरं वाटलं. धीर करून म्हटलं, "माय, आता नाव आलं. ते कडवं काढून टाक नं."

तिनं पुस्तक मिटलं.

"काढीन नं," ती म्हणाली. "दुसऱ्या आवृत्तीत."