नारूची वरची खोली

फोन दुबईहून होता, पुतण्याचा. "काका, अप्पा गेले," सुनीलनं सांगितलं. मग म्हणाला, "हुबळीला आणायचं म्हणतोय, पण त्याआधी त्यांचा इथला राहण्याचा परवाना रद्द करावा लागतोय. करू?" मी म्हटलं, "कर." ज्या परवान्यापायी माझा धाकटा भाऊ नारू घरी राहिला नाही, तो रद्द झाला तेव्हाच त्याला घरी यायला मिळालं... दीड महिना झाला, हे डोक्यातून जात नाही.

मी तिसरीत शाळा सोडून दाजीबानपेठेत कापडाचे गठ्ठे उचलायला लागलो. नारू शिकला. इथंच हुबळीत लॅमिंग्टन रोडवर त्यानं पंपांचं दुकान टाकलं, ते चाललं, आणि कुणीतरी त्याच्या कानात घातलं की दुबईत कंपनी काढली की राहायला मिळतं आणि कमाईवर कर नाही. तिकडं जाऊन त्यानं रक्त तपासून घेतलं, बोटांचे ठसे दिले. परवान्याचं कार्ड मिळाल्यावर पहिल्यांदा मलाच दाखवायला आला. मी चष्मा लावून बघितलं आणि म्हटलं, "फोटोत आजारी दिसायलास."

"अण्णा, आता कर नाही."

"मग तिथलं सरकार तुला काय जावई म्हणून पोसतंय?"

तो पोट धरून हसला. मी हसलो नाही. मी घरपट्टी रांगेत उभं राहून भरतो आणि ती पावती मला मानाची वाटते. नारूनं चोरी केली असं मी कधी म्हटलं नाही, कायद्यात बसेल तेच त्यानं केलं. पण त्या कार्डाला अट होती. फार महिने बाहेर राहिलं की ते जायचं, आणि इथं फार दिवस राहिलं की इथला कर लागायचा. त्यामुळे आला की जेवताना त्याचं लक्ष कॅलेंडरकडे.

विद्यानगरात मी घर बांधलं तेव्हा वरची खोली त्याच्यासाठी काढली. कॉलेजची पोरं फाटकातून विचारायची, "काका, खोली आहे का?" मी सांगायचो, "आहे. पण माणूस यायचाय." नारूला म्हणायचो, "साकु आता, पुरे झालं, ये इकडं." तो म्हणायचा, "एवढं एक रिन्यूअल होऊ दे, अण्णा." दर दोन वर्षांनी हेच. मला त्यानं तिकिटं पाठवली, मी गेलो नाही. धाकट्यानं थोरल्याकडे यायचं असतं, हे माझं अजूनही मत आहे.

मागच्या खेपेला जिना चढताना त्याला दम लागला. मधल्या पायरीवर बसून म्हणाला, "जिना जरा रुंद करायचा होतास." निघताना आपला पंचा वरच्या खोलीतल्या खुंटीला टांगून गेला. म्हणाला, "इथंच राहू दे. पुढच्या वेळी लागतोच."

पुढच्या वेळी तो पेटीतून आला. वर न्यावं असं फार वाटलं, पण जिन्यावरून पेटी वळली नसती. खालीच ठेवला, तिथूनच नेला.

सुनील परत जाताना म्हणाला, "काका, खोली आता भाड्याला द्या." बरोबर आहे त्याचं. परवा दोन मुली विचारायला आल्या, धारवाडच्या पलीकडच्या कुठल्याशा गावच्या, चांगल्या वाटल्या. मी किल्ली घ्यायला आत वळलो आणि तोंडातून गेलं ते नेहमीचंच, "माणूस यायचाय."

मुली गेल्या. मी वर जाऊन पंचा काढला, धुतला, आणि वाळल्यावर पुन्हा त्याच खुंटीला लावला.